ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली

दर पावसाळ्यात हिंदमाता एकदा तरी बातम्यांत येतं. आंबेडकर रोडचा हा भाग बशीसारखा खोलगट आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी तुंबतं, कापडाच्या दुकानांचे शटर खाली येतात आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं मोबाइलवर कुलाब्याच्या डॉप्लर रडारचं चित्र बघत राहतात. लाल ठिपका कुठे सरकतोय, अजून किती बाकी आहे, याचा अंदाज घेतात. आता इथल्या माणसांना रडार हा शब्द कुणी समजावून सांगायला लागत नाही.

पण कुलाब्याचं ते रडार ढग जितके उंच असतात तितकंच आभाळ बघतं. म्हणजे जमिनीपासून पंधरा-अठरा किलोमीटरपर्यंत. त्याच्या वर आणखी एक आभाळ आहे. तिथे ढग नाहीत, पाऊस नाही, पण वारे आहेत, भरती-ओहोटी आहे आणि विजेचे प्रवाहही आहेत. त्या वरच्या आभाळाचा अभ्यास याच मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरू झाला होता. एका ट्रामने तो इथून हलवला. ती गोष्ट आज सांगायची आहे.

हिंदमाताहून पुलाखालून सरळ पुढे गेलं की दादर टीटी लागतं. हे ‘टीटी’ म्हणजे काय, असं विचारलं तर आजच्या पोरांना सांगता येत नाही. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून निघाली आणि दादरला येऊन कायमची थांबली. अब्बा तेव्हा लहान होते. ती ट्राम बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी झाली होती, हे ते नेहमी सांगायचे. मात्र याच ट्रामसाठी एका वेधशाळेला शहर सोडावं लागलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं.

रेशमी दोऱ्याला टांगलेलं चुंबक

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. हेतू व्यवहाराचा होता. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी असायची आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेध घ्यावे लागायचे. १८४१ साली एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. त्या काळात जर्मनीतल्या गाउस आणि वेबर यांनी जगभर एकाच वेळी चुंबकीय वेध घेण्याची कल्पना मांडली होती. ब्रिटिशांनी ती उचलून आपल्या वसाहतींमध्ये ठिकठिकाणी अशा वेधशाळा काढल्या. त्यातल्या बहुतेक काही वर्षांत बंद पडल्या. कुलाब्याची मात्र चालू राहिली.

या वेधशाळेशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला पहिले मराठी पत्रकार म्हणून माहीत आहेत. काही काळ या वेधशाळेचं कामही त्यांच्याकडे होतं. पुढे लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी इथे नोकरी केली. छत्रे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. आपण जिथे काम करतो ती वेधशाळा पुढे आपल्याच गावाशेजारी येणार आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं.

काम दिसायला अगदी साधं होतं. बंद खोलीत रेशमी दोऱ्याला चुंबकाची पट्टी टांगलेली. तिला एक छोटा आरसा लावलेला. समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टी केसभर हलली तरी आरशातलं मोजपट्टीचं प्रतिबिंब सरकायचं. दुर्बिणीला डोळा लावून तो आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला, दिवसा आणि रात्री, पावसात आणि सणासुदीलाही. जवळ लोखंडाची वस्तू न्यायची नाही.

या नोंदींतून एक विचित्र गोष्ट समोर आली. चुंबक स्थिर राहत नाही. दिवस उजाडला की ते हळूहळू एका बाजूला झुकतं आणि संध्याकाळपर्यंत परत येतं. हे रोज घडतं. रात्री मात्र ते जवळपास शांत असतं. पृथ्वीचं चुंबकत्व पोटातून येतं, हे गाउसने दाखवून दिलं होतं. मग पोटातल्या चुंबकाला सूर्य उगवल्याचं कसं कळतं?

त्याचं उत्तर १८८२ साली बाल्फर स्ट्युअर्ट यांनी सुचवलं. त्यांचं म्हणणं असं होतं की, आभाळाच्या खूप वरच्या थरात हवा विजेची वाहक होत असावी. सूर्याच्या उष्णतेने ती हवा हलते, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहते आणि डायनामोसारखी वीज तयार करते. त्या विजेच्या प्रवाहामुळे खाली जमिनीवरचं चुंबक हलतं. तोपर्यंत त्या उंचीवर माणूस गेला नव्हता, फुगा गेला नव्हता, रेडिओही जन्माला आला नव्हता. चुंबक हेच वरच्या आभाळाची खबर देणारं एकमेव साधन होतं. खबरही अर्धीच होती. वर प्रवाह आहे, एवढं चुंबक सांगायचं. वर वारा कसा वाहतो, हे त्याला सांगता येत नव्हतं.

१८५९ची ती सकाळ

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. त्यांना डागांच्या एका गटात अचानक पांढराशुभ्र प्रकाश भडकलेला दिसला. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी, म्हणजे मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ असताना, इतिहासातलं सर्वांत मोठं नोंदलं गेलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, तारांमधून ठिणग्या उडाल्या. ध्रुवीय प्रकाश नेहमीच्या जागेपासून कितीतरी दक्षिणेला दिसला.

अनेक वेधशाळांची यंत्रं त्या दिवशी मोजपट्टीच्या बाहेर गेली. त्यामुळे त्यांचे आकडे अर्धवट राहिले. कुलाब्याला मात्र माणसं डोळ्याने आकडे वाचत होती. रोजचा शिरस्ता तासाला एक नोंद असा होता. वादळ सुरू झाल्यावर त्यांनी दर पंधरा मिनिटांनी आणि मग दर पाच मिनिटांनी आकडे लिहायला सुरुवात केली. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं होतं. एकूण बलाच्या हिशेबात ही घट चार टक्क्यांच्या आसपास भरते. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण १९८९ साली कॅनडात क्विबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवणारं वादळ याच्यापेक्षा बरंच लहान होतं.

कुलाब्याच्या त्या वह्या दीडशे वर्षं कपाटात राहिल्या. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींच्या आधारे १८५९च्या वादळाची ताकद मोजणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज उपग्रह आणि वीजजाळं सांभाळणारे लोक सर्वांत वाईट काय घडू शकतं याचा विचार करतात, तेव्हा कुलाब्याच्या त्या सकाळचे आकडे समोर ठेवतात. ते लिहिणाऱ्या कारकुनांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सूर्यावर काय झालं, वरच्या आभाळात काय चाललंय, आपल्याला काय सापडलंय, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. चुंबक वेड्यासारखं वागतंय एवढं दिसत होतं आणि ते त्यांनी इमानदारीने लिहून ठेवलं.

ट्राम आणि मूस

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ पासून धावत होती. घोड्यांचा चुंबकाला काही त्रास नव्हता. विसाव्या शतकाच्या तोंडावर विजेच्या ट्रामची चर्चा सुरू झाली आणि वेधशाळेच्या पोटात गोळा आला. ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांमधून परत जाते. परतीच्या वाटेवर थोडी वीज जमिनीत झिरपते. असा झिरपलेला प्रवाह आसपासच्या चुंबकाला हलवतो. शहरात ट्राम धावायला लागली असती, तर चुंबकाचं हलणं आभाळामुळे की ट्राममुळे, हे ओळखताच आलं नसतं.

वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस होते. १८९६ साली ते या पदावर आले. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. ट्रामविरुद्ध भांडत बसायचं किंवा निमूटपणे चुंबकीय काम गुंडाळायचं. त्यांनी तिसरा रस्ता घेतला. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबागला जागा निवडली. तिथे लोखंड टाळून, चुंबकाला न बाधणाऱ्या पोरबंदर दगडात इमारती बांधल्या. १९०४ साली अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या.

मूस यांचं खरं शहाणपण यानंतरचं आहे. अलिबाग सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. कारण जागा बदलली की चुंबकाचा आकडा थोडा बदलतो. दोन्हीकडचे आकडे काही काळ शेजारी शेजारी ठेवून बघितले तरच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. तशी जोडणी झाली नसती, तर कुलाब्याची साठ वर्षं वेगळी आणि अलिबागची वेगळी राहिली असती. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा चुंबक पलीकडे सुखरूप पोचलेलं होतं.

१९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांवरची चर्चा दोन खंडांत प्रसिद्ध केली. चुंबकीय वादळ कसं सुरू होतं, कसं खोल जातं आणि शांत व्हायला किती वेळ घेतं, हे त्यांनी असंख्य वादळांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं.

रात्रीचा रेडिओ आणि रडार

१९०१ साली मार्कोनीने रेडिओचा संदेश अटलांटिकपार पाठवला. पृथ्वी गोल असताना लहर वळली कशी, असा प्रश्न पडला. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी वेगवेगळे एकच उत्तर दिलं, की वर विजेचा वाहक असलेला थर आहे आणि लहर त्याला धडकून खाली येते. स्ट्युअर्टचा वीस वर्षांपूर्वीचा अंदाज आता दुसऱ्या दाराने आत आला होता. १९२५ साली अमेरिकेत ब्राइट आणि ट्युव्ह यांनी वर रेडिओचे छोटे छोटे ठोके सोडले, त्यांचे प्रतिध्वनी पकडले आणि लागलेल्या वेळेवरून थराची उंची काढली. रडारची मूळ कल्पना हीच. विमानं शोधण्यासाठी रडार वापरलं जायच्या आधी ते आभाळ शोधण्यासाठी वापरलं गेलं.

आमच्या घरात अब्बांचा एक जुना रेडिओ होता. दिवसा मिडियम वेव्हवर मुंबईचीच स्टेशनं लागायची. रात्री दहानंतर सुई फिरवली की खरखरीतून दूरदूरची स्टेशनं वर यायची. अब्बा म्हणायचे, “रात्री हवा साफ होते.” त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. सत्तर ते नव्वद किलोमीटरच्या पट्ट्यात दिवसा सूर्यामुळे जो विद्युतभारित थर तयार होतो, तो मिडियम वेव्हच्या लहरी गिळतो. रात्री तो विरून जातो, लहरी आणखी वर जाऊन परततात आणि दूरची स्टेशनं ऐकू येतात. कुलाब्याचं चुंबक जे सांगत होतं, त्याच्याच शेजारची गोष्ट आमचा रेडिओ रोज रात्री सांगत होता.

स्वातंत्र्यानंतर वरचं आभाळ समजून घेण्याची धडपड आपल्याकडे मोठ्या जोमाने सुरू झाली. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जातं आणि त्याच्यावर साधारण शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक जोरदार झोत वाहतो. दक्षिण अमेरिकेत पेरूमधूनही तेच विषुववृत्त जातं. तिथे हिकामार्का येथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्रचंड मोठं रडार उभं राहिलं. आपण विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने केरळातलं थुंबा निवडलं. कोळ्यांच्या गावातलं चर्च प्रयोगशाळा बनलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट वर गेलं. त्याची जुळणी आणि सुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे होती, तो रामेश्वरमचा तरुण म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम. आपण कलामांना क्षेपणास्त्रांसाठी ओळखतो. पण त्यांच्या हातून गेलेलं ते पहिलं रॉकेट या वरच्या आभाळातला वारा मोजण्यासाठी होतं.

कोल्हापूरचं रडार

शाळेत आपण तपांबर, स्थितांबर, मध्यांबर असे थर पाठ केलेले असतात. यातलं मध्यांबर सर्वांत अवघड. हवामानाचे फुगे तिथे पोचण्याच्या खूप आधी फुटतात. उपग्रहाला तिथे फिरता येत नाही, कारण तेवढी विरळ हवाही त्याला खाली खेचते. रॉकेट जातं, पण काही मिनिटांत पार होतं. तिथला वारा दिवसरात्र, वर्षानुवर्षं मोजायचा तर जमिनीवरूनच मोजायला हवा.

कुलाबा-अलिबागच्या वेधशाळेतूनच १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था झाली. तिने १९९२ साली तमिळनाडूत तिरुनेलवेलीला आणि १९९९ साली कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, मध्यम कंप्रतेचं रडार सुरू केलं. त्याची कंप्रता १.९८ मेगाहर्ट्झ. म्हणजे रेडिओवरचा मिडियम वेव्हचा पट्टा जिथे संपतो, त्याच्या थोडी पुढे. अब्बांच्या रेडिओच्या सुईला आणखी थोडी जागा असती, तर ती तिथे पोचली असती.

या रडारला फिरणारी थाळी नाही. मोकळ्या मैदानात खांबांवर ताणलेल्या तारा आहेत. लहर सरळ वर जाते. साधारण ऐंशी ते अठ्ठ्याण्णव किलोमीटरवरच्या विद्युतभारित हवेतून तिचा अगदी छोटा अंश परत येतो. खाली त्रिकोणात ठेवलेले तीन अँटेना तो ऐकतात. ढगाची सावली शेतावरून सरकते, तसा परत आलेल्या लहरीचा नक्षीदार ठसा जमिनीवरून सरकत असतो. तो एका अँटेनावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर पोचतो. त्या फरकावरून वर वारा कुठल्या दिशेने आणि किती वेगाने वाहतोय, हे कळतं.

आता चुंबक आणि रडार यांचं नातं बघा. जमिनीजवळची हवा आणि तिच्यातली वाफ, त्याच्या वरचा ओझोन, हे सूर्याने तापतात. त्यातून हवेत बारा तासांच्या आणि चोवीस तासांच्या भरती-ओहोटीच्या लाटा उठतात. वर जाताना हवा विरळ होते, म्हणून त्या मोठ्या होत जातात. कोल्हापूरचं रडार त्या लाटा मोजतं. त्याच लाटा आणखी थोड्या वर जाऊन विद्युतभारित हवेला चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात, वीज तयार होते आणि अलिबागचं चुंबक झुकतं. स्ट्युअर्टने म्हटलेला डायनामो तो हाच. चुंबकाने अर्धी खबर दिली होती. उरलेली अर्धी द्यायला रडार यावं लागलं. पावसाळ्यातल्या मोठ्या ढगांतूनही लाटा उठतात आणि वर जातात. हिंदमाताला बुडवणारा पाऊस तिथेच संपत नाही. त्याचा हेलकावा वरच्या आभाळापर्यंत पोचू शकतो.

सोपवण्याची गोष्ट

आपल्या समाजात विज्ञानाचा विषय निघाला की आपण लगेच समरकंदला जातो. उलुग बेगची वेधशाळा, तिथली १०१८ ताऱ्यांची सूची, हे सांगताना ऊर भरून येतो. त्यात चूक काही नाही. पण त्या गोष्टीचा शेवट आपण सांगत नाही. १४४९ साली उलुग बेगचा खून झाला, तोही पोटच्या मुलाच्या राजवटीत, आणि वेधशाळा ओस पडली. तिचे अवशेष १९०८ साली जमीन खणून शोधावे लागले. सूची वाचली, कारण अली कुशजीसारख्या शागिर्दाने ती इस्तंबूलपर्यंत नेली. त्याच इस्तंबूलमध्ये तकीउद्दीनची वेधशाळा १५७७च्या सुमारास उभी राहिली आणि १५८० साली सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली. विद्वान कमी नव्हते. पण एका माणसाने सुरू केलेली नोंद दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय नव्हती.

कुलाब्याची वेधशाळा परक्या कंपनीने आपल्या फायद्यासाठी काढली. ती चालवली इंग्रज प्राध्यापकाने, कोकणातल्या ब्राह्मण शास्त्र्याने, पारशी शास्त्रज्ञाने आणि रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी साध्या नोकरदारांनी. राजवट बदलली, जागा बदलली, यंत्रं बदलली, पण वही तुटली नाही. मूस यांनी ती दोन वर्षं दोन्ही हातांत धरली आणि मगच एक हात सोडला. आपल्या मदरशांत, ग्रंथालयांत, मशिदींच्या दफ्तरांत, कोकणातल्या जुन्या घरांच्या पेट्यांत अशा किती वह्या असतील? आणि त्यातल्या किती पुढच्या हातात जातील? अभिमानाच्या भाषणापेक्षा मला हा प्रश्न जास्त छळतो.

अलिबागही आता शांत राहिलेलं नाही. गाड्या वाढल्या, बंगले वाढले, मुंबई समुद्र ओलांडून तिथे पोचली. चुंबकाला शांतता लागते आणि रडारला मोकळं मैदान. शहरं या दोन्ही गोष्टी आधी गिळतात. ट्रामच्या वेळी एक माणूस वेळेत जागा झाला होता.

परवा दादर टीटीला बस थांबली. कंडक्टरने “टीटी, टीटी” असा पुकारा केला. बाजूच्या सीटवरच्या पुतण्याने विचारलं, “चाचा, टीटी म्हणजे काय?” मी त्याला ट्राम सांगितली, मग चुंबक सांगितलं आणि हिंदमाता येईपर्यंत आमची गोष्ट जेमतेम अलिबागला पोचली होती. उरलेली कोल्हापूरची गोष्ट त्याला घरी जाऊन सांगायची आहे.